तिसरी परीक्षक

परीक्षेच्या दिवशी खाट क्रमांक एकवर जिला झोपवत, तिला वॉर्डातले लोक तिसरी परीक्षक म्हणत. पहिले दोन परीक्षक खुर्चीवर बसत, प्रश्न विचारत, गुण मांडत. ही नुसती आडवी असायची, आणि कोण पास होणार हे बऱ्याचदा तीच ठरवायची. हे शिपायापासून सिस्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या दोन परीक्षकांना.

तिच्या हृदयाच्या डाव्या बाजूची झडप, मायट्रल म्हणतात ती, लहानपणीच्या एका तापाने चिकटत गेली होती. त्या अरुंद फटीतून रक्त जाताना जो आवाज होतो तो फार दबका, शेजारच्या इमारतीत कोणी रिकामं पिंप लोळवत न्यावं तसा. माणूस उताणा झोपलेला असला तर नवशिक्या कानाला तो सापडत नाही. रोग्याला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास सोडून थांबायला सांगायचं, स्टेथोस्कोपची लहान बाजू अलगद टेकवायची, मग येतो. मोठ्या पदवीसाठी बसलेले डॉक्टर हे सगळं घोकून यायचे आणि खाटेजवळ आले की विसरायचे. त्यातला जो हात चोळून गरम करायचा, "मावशी, जरा त्रास देतो हं" म्हणायचा, त्याच्यासाठी ती अवघडल्याचं निमित्त करून आपणहून डावीकडे वळायची. जो तिला पिठाच्या पोत्यासारखी दाबून बघायचा, त्याच्या वेळी ती तोंड उघडं टाकून जोरजोरात श्वास घ्यायची. भाता चालू असला की हृदयाचं काही ऐकू येत नाही. पोरगा घामाघूम व्हायचा. ती छताचा पंखा बघत राहायची.

एकोणीस वर्षं, वर्षातून दोनदा. तिच्या अंगावरून पास होऊन गेलेले काही जण आता स्वतः विभागप्रमुख झाले होते. किती नापास झाले याचा हिशेब तिने ठेवला नव्हता, पण चेहरे आठवत.

एरवी ती एका बाइंडिंगच्या कारखान्यात घड्या घालायची. छापून आलेले मोठे कागद सोळा पानांत दुमडायचे, पट्टीने घडी दाबायची, थप्पी शेजारणीकडे सरकवायची. तिथे तिला कोणी मावशी म्हणत नसे. मुकादम "ए लालगाली" म्हणायचा. या आजारात गालांवर लाली येते. लोकांना ती तब्येत वाटते. घरी धाकटा भाऊ, भावजय आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. अलीकडे ती प्रत्येक मजल्याला थांबायची, कठड्याला धरून, खालून कोणी आलं तर किल्ली शोधत असल्यासारखी.

"वन्सं, किल्ली सापडली का?" भावजय वरून विचारायची. दार उघडंच असायचं.

अठ्ठावीसची होती तेव्हा पहिलं ऑपरेशन झालं. सर्जनने डाव्या बरगड्यांमधून आत जाऊन चालत्या हृदयात बोट घातलं आणि चिकटलेली झडप बोटाने मोकळी केली. छातीखाली वीतभर व्रण राहिला. ठरलेलं लग्न त्या व्रणापाशी थांबलं. मुलाच्या आईने येऊन पाहिला, पाणी प्यायली आणि गेली. पण त्यानंतरची पंधरा वर्षं चांगली गेली. जिने चढली, वजनं उचलली. मग पुन्हा दम लागू लागला.

बोटाने मोकळी केलेली झडप पुढे काय करते, हे तिला कोणी समोर बसवून कधी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. परीक्षक खाटेच्या पायथ्याशी उभे राहून दरवर्षी तोच प्रश्न विचारत, आणि उत्तर तिच्या पोटावरून पलीकडे जात असे.

"या ऑपरेशनला इतकी वर्षं झाली. आता या रोग्याचं पुढे काय होतं?"

"वीस वर्षांत निम्म्यांची झडप पुन्हा आवळते, सर."

"आणि त्यातले किती जगतात?"

कोणी एक आकडा सांगायचं, कोणी दुसरा. एकाने तर घाईत ती दहा वर्षांपूर्वीच मेलेली असायला हवी असं सिद्ध केलं. कुठला आकडा खरा हे कळायला तिच्याकडे एकच मार्ग होता: पास होईल त्याचं उत्तर बरोबर, नापास होईल त्याचं चूक. निकाल ती सिस्टरकडून काढून घ्यायची आणि मगच ऐकलेलं मनात पक्कं करायची. अशी तिची सगळी वैद्यकी जमली होती. कारखान्यात कोणाला चक्कर आली की ती निदान सांगायची, आणि चारदा बरोबर आलं की पाचव्यांदा लोक विचारायचेही.

त्यात एक उत्तर तिने फार जपून ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी एक चष्मेवाला पोरगा आला होता. हातावर फुंकर घालून हात गरम केले त्याने. "मावशी, जेवलात का? सकाळपासून उपाशी ठेवलं असेल यांनी." तिने त्याला डावी कूस दिली. त्याने आवाज अचूक सांगितला. मग परीक्षकांनी विचारलं, हिचा ठोका उद्या अनियमित झाला तर? चष्मेवाला क्षणभरही थांबला नाही. "मग वेळ गेली, सर. ठोका बिघडला की झडप बदलून उपयोग नाही. ऑपरेशन करू नये." तेवढ्यात घंटा झाली. पोरगा पास झाला, तोही वरच्या गुणांनी. म्हणजे उत्तर बरोबर.

तीन वर्षं मोठे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, तिला सांगत होते की झडप आता बदलायलाच हवी, चिकटलेली काढून धातूची बसवायची. आणि तीन वर्षं सांगत होते, परीक्षा होऊ दे.

"नवी झडप बसली की तुझा हा आवाज जाणार गं. मग मी परीक्षेला काय रेडिओ लावू?"

आजूबाजूचे डॉक्टर हसायचे. तीही हसायची. सबंध इस्पितळात आपल्यासारखा आवाज कोणाचा नाही, हे तिला दर खेपेला नव्याने कळायचं, आणि दम लागलेल्या माणसालाही असं काही ऐकायला आवडतं.

या वर्षी मात्र सरांनी स्वतःच तारीख दिली. कारण त्यांना खाट क्रमांक चारवर एक चोवीस वर्षांची मुलगी सापडली होती. आवाज स्वच्छ, छातीवर व्रण नाही, अंगावर मांस कमी. "ही शेवटची परीक्षा दे, आणि त्यानंतरच्या गुरुवारी तुझं ऑपरेशन," सर म्हणाले. सर्जनच्या यादीत तिचा क्रमांक दुसरा होता. सिस्टरने तिला यादी दाखवली तेव्हा तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं.

घरी भाऊ म्हणाला, "ताई, या खेपेला होऊन जाऊ दे. काही खुसपट काढू नको."

"मी कशाला काढते? सरांची परीक्षा होती म्हणून राहिलं."

"सरांची परीक्षा आणि तुझी शिक्षा," भाऊ म्हणाला. "उद्या तुझं काही झालं तर सर येणारेत का जिना चढून?"

"सर लिफ्टवाल्या घरात राहतात," भावजय म्हणाली. "त्यांना जिना म्हणजे काय ते माहीत नसेल. वन्संनी सांगायला हवं, परीक्षक आहेत त्या."

हे झालं रविवारी. सोमवारी दुपारी कारखान्यात, सोळा पानांची घडी दाबताना, तिच्या छातीत कोणीतरी ताल सोडला.

दुखलं काही नाही. आधी वाटलं, जेवण वर आलं. मग तिने मनगट धरलं. एक, दोन, मग काही नाही, मग तीन-चार एकमेकांच्या अंगावर पडत, मग पुन्हा काही नाही. मुंग्यांच्या रांगेत पाय पडावा तसं. तिने पट्टी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. शेजारीण म्हणाली, "काय गं, पांढरी पडलीस. आज लाली कुठे गेली?"

"उसनी दिली," ती म्हणाली.

मंगळवारी ठोका तसाच. बुधवारी तसाच. तिला नक्की काय झालंय हे तिला नावानिशी ठाऊक होतं. कित्येक परीक्षांत तिने तो प्रश्न ऐकला होता. आणि उत्तरही ठाऊक होतं, वरच्या गुणांनी पास झालेलं. ठोका बिघडला की ऑपरेशन नाही. आता सांगितलं तर यादीतली ओळ खोडणार. गुरुवारपर्यंत दडवलं, एकदा टेबलावर चढलं, छाती उघडली, की मग कोण परत शिवून पाठवतो? एकदा घोडं पुढे दामटलं की दामटलं. बुधवारी संध्याकाळी ती परीक्षेसाठी वॉर्डात दाखल झाली. दाखल करून घेणाऱ्या शिकाऊ डॉक्टरने नाडी धरली, तेवढ्यात तिने खोकल्याची उबळ आणली आणि हात सोडवून घेतला. त्याने जुन्या कागदावरून आकडा उतरवला. ईसीजी ऑपरेशनच्या तयारीत काढायचा होता, म्हणजे परीक्षेनंतर.

शुक्रवारी परीक्षा. सकाळी खाटांवर नव्या चादरी, पडदे धुतलेले, लघवीची भांडी दिसेनाशी. सरांच्या हातात दर खेपेचा कागद होता: खाट क्रमांक एक, निष्कर्ष, खाली सरांची सही. ठोका नियमित, असं त्यात दुसऱ्या ओळीत लिहिलेलं. तो कागद सहा महिन्यांपूर्वीचा होता आणि त्याच्या आधीच्या कागदावरून केलेला होता. दुसरे परीक्षक बाहेरगावचे, पाहुणे. सरांनी त्यांना खाटेजवळ आणून ओळख करून दिली.

"ही आमची एकोणीस वर्षांची ठेव. हिला सगळं येतं. उद्या मी आजारी पडलो तर ही परीक्षा घेईल."

पाहुणे हसले, तिच्याकडे बघून मान हलवली आणि खुर्चीवर जाऊन बसले. यजमानाने सही केलेली केस पाहुणा पुन्हा तपासत नाही. ताटात वाढलेलं उचलून वास घेतल्यासारखं होतं ते.

पहिला उमेदवार घाबरट होता. दहा सेकंद नाडी धरली, सहाने गुणलं, "नियमित" म्हणाला. आवाज त्याला सापडला नाही तरी त्याने सापडल्यासारखा सांगितला, कारण खाट एकवर काय असतं हे वसतिगृहात सगळ्यांना पाठ होतं. सरांनी कागदाशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली.

दुसरी एक उंच डॉक्टरीण आली. हात बर्फासारखे. चोळले नाहीत, फुंकर घातली नाही, मावशी म्हटलं नाही. सरळ झग्याच्या नाड्या सोडल्या आणि व्रणावर दोन बोटं ठेवली, गिऱ्हाईक फळ दाबून बघतं तशी. खाटेवरच्या तिचा श्वास जोरात सुरू झाला. डॉक्टरीण वर न बघता म्हणाली, "श्वास सोडा आणि थांबा. नाटक नको."

एकोणीस वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं.

मग डॉक्टरणीने मनगट धरलं आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ समोर धरून बसली. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. बोटं हलली नाहीत. मग तिने एक हात मनगटावर ठेवून दुसऱ्याने स्टेथोस्कोप छातीवर ठेवला, आणि पहिल्यांदा तोंडाकडे पाहिलं.

"हे कधीपासून?" आवाज हळू होता.

"काय?"

"ठोके चुकताहेत तुमचे. केव्हा सुरू झालं?"

"हात गार आहेत तुमचे. अंगावर काटा आला की असं होतं."

"अंगावर काटा आला की असं होत नाही."

घंटा झाली. परीक्षक उठून आले. डॉक्टरीण ताठ उभी राहून सांगू लागली: चिकटलेली झडप, पूर्वी ऑपरेशन झालेलं, पुन्हा आवळलेली, आवाज अमुक ठिकाणी, अमुक वेळी. सरांची पेन्सिल कागदावरून एकेक ओळ खाली सरकत होती. "आणि नाडी पूर्णपणे अनियमित आहे, सर."

पेन्सिल थांबली.

"काय आहे?"

"अनियमित, सर. मनगटावर मोजलेले आणि छातीवर ऐकलेले ठोके जुळत नाहीत. बाविसाचा फरक आहे."

सरांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी कागदाकडे पाहिलं. "पुन्हा एकदा विचार करा," पाहुणे सौम्यपणे म्हणाले. परीक्षेत या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. शहाणा उमेदवार इथे माफी मागतो.

"दोन मिनिटं मोजलीय, सर. आपण एकदा हात लावून बघावं."

सिस्टरने ट्रे खाली ठेवला.

"तुम्ही मला नाडी बघायला शिकवताय?" सर म्हणाले. आवाज चढला नाही. "ही बाई तुम्ही शाळेत होता तेव्हापासून माझ्याकडे आहे." मग ते खाटेकडे वळले. तिला विचारायची पद्धत नव्हती, पण विचारलं, गंमत म्हणून, पाहुण्यांसमोर. "काय गं, तूच सांग. तू तर तिसरी परीक्षक." म्हणजे ठाऊक होतं त्यांनाही. "छातीत काही धडधड? ठोका चुकल्यासारखा?"

ती उठून बसली. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. सरांचा हात खाटेच्या कडेवर होता, तिच्या मनगटापासून वीतभर अंतरावर. हो म्हटलं असतं तर तो हात उचलला गेला असता. तिच्या डोळ्यांपुढे यादीतली ओळ आली. आणि त्याच्या वरताण, "नाटक नको."

"नाही बुवा," ती म्हणाली. "माझं आपलं नेहमीचं. या बाईंनाच नाडी सापडत नव्हती. तीनदा हात बदलला. मी म्हटलं, शेजारच्या खाटेवर बघा, तिथे असेल."

सर मोठ्याने हसले. पाहुणेही. शिपायाने तोंडावर हात घेतला. डॉक्टरणीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, पण ती तिच्याकडे रागाने बघत नव्हती, काहीतरी मोजत असल्यासारखी बघत होती. सरांनी कागदावर एक रेघ ओढली.

घंटा झाली. टॉर्च विसरली म्हणून डॉक्टरीण परत आली, आणि टॉर्च उचलताना वाकली. "निकाल गेला खड्ड्यात," ती पुटपुटली. "संध्याकाळी वॉर्डच्या डॉक्टरला सांगा. रक्त पातळ करायचं औषध आजच सुरू व्हायला हवं. आज, उद्या नाही."

"आधी पास व्हा," ती खाटेवरून म्हणाली, "मग औषधं द्या."

दुपारी तिने दोन माणसांचं जेवण जेवलं. चार नंबरच्या मुलीने विचारलं, "काकू, त्या नापास होणार?" "होणार म्हणजे? झाली," ती म्हणाली. "नाकाने कांदे सोलत होती. तुला सांगते, पुढच्या खेपेपासून तू आहेस. श्वास कसा सोडायचा ते मी शिकवीन."

संध्याकाळी ऑपरेशनच्या तयारीसाठी ईसीजी निघाला. पट्टी हातात घेऊन जो डॉक्टर आला तो चष्मेवाला होता. तोच, पोट सुटलेलं, केस मागे सरलेले, सर्जनच्या युनिटमध्ये लागून महिना झालेला. तिला ओळखून तो मनापासून हसला.

"अहो मावशी! तुमच्यामुळे पास झालो मी. अजून इथेच?" मग पट्टी उजेडात धरली. "अरेच्चा. ठोका बिघडलाय की तुमचा."

दडवायला आता काही उरलं नव्हतं. "मग आता ऑपरेशन नाही," ती म्हणाली.

"का नाही?"

"ठोका बिघडला की वेळ गेली. उपयोग नाही."

"कोणी सांगितलं हे शहाण्याने?"

"तुम्ही."

"मी?"

"परीक्षेत. चार वर्षांपूर्वी. त्यांनी विचारलं, ठोका अनियमित झाला तर. तुम्ही म्हणालात, करू नये."

चष्मेवाल्याला आठवेना. मग आठवलं, आणि तो इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. "हां! हां, बरोबर. वाट्टेल ते बोललो होतो मी त्या दिवशी. माणूस घाबरला की काहीही सुचतं. उलट आहे मावशी, ठोका बिघडला की ऑपरेशन लवकर करायचं असतं. त्याचे गुण कापले माझे, पण आवाज बरोबर सांगितला होता ना, म्हणून बाकीचे सगळे मिळाले. तुम्ही कूस दिली होती." त्याने तिच्या हातावर थोपटलं. "गुरुवार पक्का. घाबरू नका."

गुरुवार पक्का. तिला रडू आलं आणि हसूही. चार वर्षं उराशी धरलेलं उत्तर चुकीचं निघालं, आणि कोणी चुकल्याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

"फक्त रक्त पातळ करायचं इंजेक्शन लगेच सुरू करू," चष्मेवाला लिहिता लिहिता म्हणाला. "असा ठोका असला की रक्त आत साकळतं, गुठळ्या होतात. आजच सुरू झालं ना हे? सकाळी परीक्षेत नियमित होता, सरांच्या कागदावर आहे."

"सोमवारी," ती म्हणाली.

त्याचं पेन थांबलं. "या सोमवारी? पाच दिवस? आणि सकाळी कोणालाच सापडला नाही?"

"एका मुलीला सापडला."

"मग?"

"नापास केली."

तो या खेपेला हसला नाही. त्याने "सुरुवात" या शब्दापुढची जागा मोकळी ठेवली, सिस्टरला हाक मारली आणि इंजेक्शन स्वतः उभं राहून द्यायला लावलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. हे औषध नवी गुठळी होऊ देत नाही. झालेली असेल ती विरघळवत नाही. डॉक्टरणीने सांगितलं तेव्हाच दिलं असतं तर सहा तास आधी पडलं असतं. सहा तासांनी काही वेगळं झालं असतं का, हे कोणालाही सांगता आलं नसतं. सोमवारी दिलं असतं तर बहुधा झालं असतं.

शनिवारी सकाळी भाऊ थर्मासमधून चहा घेऊन आला. "ताई, गुरुवारी मी रजा टाकलीय," तो म्हणाला. ती काहीतरी चेष्टेचं बोलणार होती. कप उजव्या हातातून पोटावर पडला. चहा पोळत होता आणि तो तिला डाव्या बाजूलाच पोळत होता. भाऊ ओरडला. तिने बोलायला तोंड उघडलं आणि जिभेवर ओला कापूस ठेवल्यासारखं झालं.

गुरुवारी सकाळी सातला ऑपरेशनची गाडी वॉर्डात आली. यादीतला दुसरा क्रमांक सर्जनने चार नंबरच्या मुलीला दिला. तिची झडप धातूची झाली, ती तेराव्या दिवशी चालत घरी गेली, आणि तिचा आवाज कायमचा बंद झाला. त्यामुळे मोठ्या सरांची अडचण झाली.

पुढच्या आठवड्यात सर राउंडला आले तेव्हा चष्मेवाला कागद घेऊन मागे होता. भाऊ आणि भावजय खाटेपाशी उभे होते. सरांनी तिचा उजवा हात उचलून सोडला. तो चादरीवर पडला. मग छातीवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरं दुःख होतं. एकोणीस वर्षांची ओळख होती.

"डॉक्टरसाहेब, ऑपरेशनचं?" भावाने विचारलं.

"मेंदूला इजा झाली की लगेच छाती उघडता येत नाही. सावरू दे. सहा महिन्यांनी बघू."

"सहा महिन्यांनी परीक्षा असते ना तुमची?" भावजय म्हणाली.

सरांनी ते ऐकलं नसावं. ते चष्मेवाल्याला सांगत होते. "जुना कागद काढून टाका, नवा करा. आवळलेली झडप, पूर्वी ऑपरेशन, अनियमित ठोका, गुठळी मेंदूत, उजवी बाजू आणि वाचा गेलेली. एकाच रोग्यात सगळं. लहान केस नाही आता ही, मोठी केस आहे. उमेदवाराला पाऊण तास द्यावा लागेल." त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "ठोका बिघडला केव्हा? तेवढं पक्कं लिहा, परीक्षक विचारतात."

चष्मेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिला ऐकू सगळं येत होतं, कळतही सगळं होतं. तिने डाव्या हाताने चादर धरली, तोंड उघडलं, मान उचलली. सोमवार. मुलीला सापडला होता. घशातून एक लांबट आवाज निघाला आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ. भावजयीने ती झग्याच्या टोकाने पुसली.

"शुक्रवारी, सर," चष्मेवाला म्हणाला. "परीक्षा संपल्यानंतर. संध्याकाळी."

"वाटलंच मला. सकाळी नव्हता," सर म्हणाले, आणि सहीसाठी कागद त्याच्या हातून घेतला.